जागल्या आणि शिक्केकरी

कारखाना कॉलनी,
१४ जून १९८७

अण्णा,

साष्टांग नमस्कारानं सुरुवात केली की तू पहिल्याच ओळीला हसतोस, म्हणून ते राहू दे. तुझा हैदराबादचा पत्ता अव्वानं दिला, शेवटी आईच ती. तिला कुणी दिला ते ती सांगत नाही. आप्पांनी अजून विचारलेला नाही. म्हणजे, तोंडानं विचारलेला नाही. तामलवाडीच्या रस्त्यावर पोस्टमनची सायकल दिसली की ते बसल्या जागी मान तेवढी उचलतात आणि पुन्हा सुतळी वळायला लागतात.

मृग लागला, पण ढग नुसते तोंड दाखवून जातात. विहिरीनं तळ गाठलाय. आप्पांचा ऊस उभा आहे, पण पाती कडेनं करपायला लागलीत. अव्वा बरी आहे, गुडघा सोडून.

आता जे सांगायला इतकं आढेवेढे घेतेय ते सांगते. मला नोकरी लागली. कारखान्यात. संगणक विभागात. हो, तुझ्याच खुर्चीवर. आता पत्र फाडायचं असेल तर फाड, पण पुढचं वाचून फाड.

तू गेल्यावर एम.डी. साहेबांनी पुण्याहून दोन माणसं आणली. दोघांनीही तुझा प्रोग्राम उघडून बघितला आणि आठवड्याभरात पगार घेऊन पळाले. मग कुणीतरी म्हणालं, शिवप्पाच्या पोरीनं सोलापुरात तेच शिकलंय. आप्पा हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत. मी त्याला हो धरलं.

अण्णा, रोज तुझा प्रोग्राम वाचतेय आणि रोज तुझा हेवा वाटतोय. कुणाची लागण आधीची, कुणाचा तोडलेल्या बुडख्यावर फुटलेला खोडवा, कुणाच्या उसाला आग लागली म्हणून तो आधी न्यायचा, ही सगळी क्रमपाळी लावताना शेतकी खात्यातले कारकून महिनाभर एकमेकांची डोकी फोडायचे. तू ते एका प्रोग्रामवर सोपवलंस. तो दिवसरात्र जागा. खिडकीवरून कुणी सभासदाचा नंबर टाकला की उठतो, पाळी बघतो, तोडचिठ्ठी छापतो, वजनकाट्याला कळवतो आणि पुन्हा गप्प पडतो. गाव झोपलं तरी जागणारा, म्हणून तू त्याचं नाव जागल्या ठेवलंस. ते नाव वाचून मी एकटीच हसले. तुझ्याइतका देखणा प्रोग्राम मला शिकवणाऱ्या सरांनाही जमला नसता, आणि हे मी त्यांच्या तोंडावर सांगायला तयार आहे.

चिठ्ठी खिडकीवरचा व्यंकट रोज विचारतो, "अण्णांचं काय कळलं का?" त्याच्या बायकोच्या बाळंतपणात तू रक्त दिलंस, ते तो येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवतो. लेकीला आता दात आलेत.

गेल्या हंगामात काय झालं ते मी होस्टेलवर असताना ऐकलं होतं. इथं आल्यावर लोक मला ते पुन्हा सांगतात, जशी काही मी त्या घरातली नाहीच. आप्पांची पाळी फेब्रुवारीत होती आणि कारखाना सुरू झाल्याझाल्या त्यांच्या नावाची चिठ्ठी निघाली. टोळी आली, ऊस तुटला, गाळपाला गेला. मग यादी फळ्यावर लागली आणि सभासदांतला आबाराव वजनकाट्यावर सगळ्यांदेखत आप्पांना म्हणाला, "पोरगं यंत्रावर असल्यावर बापाचा ऊस कशाला वाळंल?" ज्या माणसानं गावोगाव सायकल हाणून ह्या कारखान्याचे शेअर गोळा केले, त्याला हे ऐकावं लागलं. घरी येऊन त्यांनी तुला विचारलं. तू म्हणालास, मी केलं नाही. ते म्हणाले, "मग कुणी केलं? त्या यंत्राला तुझ्याबिगर वळखतंय कोण?" आणि तू पिशवी उचललीस.

मी तुझ्यावर विश्वास ठेवते. त्याचं कारण प्रेम वगैरे समजू नकोस. हा जागल्या लिहिणाऱ्या माणसाला चोरी करायची असती, तर ती इतकी बावळटासारखी केली नसती.

तुझी,
महानंदा


कारखाना कॉलनी,
२० जुलै १९८७

अण्णा,

उत्तर नाही. ठीक आहे. मीही तुझ्याच घरातली आहे, मला हट्ट शिकवायला नको.

एक सापडलंय. आप्पांनी रागात विचारलेला प्रश्न खरा होता, त्यांनी फक्त तो चुकीच्या माणसाला विचारला. यंत्रात एक मालक असतो, ज्याला कुठलंच दार बंद नसतं, आणि बाकीचे आपापल्या खोलीपुरते. तू जागल्याला मालकाच्या नावानं चालवलंस. का, ते मला कळतं. क्रमपाळीची यादी मालकाशिवाय कुणाला बदलता येत नाही, आणि चिठ्ठी दिली की त्या नावापुढं खूण करणं जागल्याला भाग होतं. त्या एका खुणेसाठी तू त्याच्या हाती अख्ख्या वाड्याच्या चाव्या दिल्यास. हंगाम तोंडावर, तू एकटा, वर एम.डी. साहेबांचा तगादा. तुझ्या जागी मीही तेच केलं असतं.

पण त्याचा अर्थ असा की जो जागल्यापाशी बसला तो मालक झाला. खिडकीवरचा, काट्यावरचा, झाडू मारायला आलेला, कुणीही. तुझा त्याच्यावर जीव होता म्हणून तुला ते दिसलं नसेल. आणि सगळे अधिकार तुझ्या लेकराच्या हाती, म्हणून सगळा आळ तुझ्या डोक्यावर.

मला त्याचे अधिकार कमी करायचेत. त्याची कामं तशीच राहतील. तुला विचारल्याशिवाय हात लावणार नाही. उत्तर दे.

महानंदा


कारखाना कॉलनी,
११ ऑगस्ट १९८७

अण्णा,

तुझं कार्ड मिळालं. आठ महिन्यांनी दोन ओळी. "जागल्याला हात लावू नकोस. त्याचे अधिकार काढले तर तो चोर होता असं आपणच लिहून दिल्यासारखं होईल." अव्वानं ते कार्ड माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं आणि विचारलं, हा जागल्या कोण, आणि त्याला जेवायला कोण घालतं. मी म्हटलं, वीज मंडळ.

आता माझं ऐक, आणि रागावायचं असेल तर शेवटी रागाव. दूधवाल्याला आपण दारात भांडं देतो, घराची चावी देत नाही. त्यात त्याचा अपमान होतो का? उलट घरात काही हरवलं तर कुणी त्याच्याकडं बोट दाखवत नाही. माझ्या ह्या लाडक्या जागल्याकडं पुन्हा कुणी बोट दाखवायला नको आहे मला. आणि तुझ्याकडंही.

तू नको म्हणालास. तरी मी केलं. घे, सांगून टाकलं.

जागल्या आता साधा माणूस आहे. तुझं लिखाण जवळजवळ तसंच आहे, त्याला मी फारसा धक्का लावला नाही. लावायला जीव झाला नाही. तो सगळ्या खिडक्यांचं ऐकतो, यादी वाचतो, चिठ्ठी छापतो. यादीवर खूण मात्र करू शकत नाही. त्यासाठी त्याच्या शेजारी दुसरा एक बसवलाय, शिक्केकरी. तो बाहेरच्या कुणाशी बोलत नाही, त्याला एकही खिडकी नाही. जागल्यानं त्याला एकच विचारायचं, ह्या सभासदाची पाळी आली का? शिक्केकरी जागल्याच्या शब्दावर विसंबत नाही, स्वतः यादी बघतो. आली असेल तर खूण करतो आणि हो म्हणतो. नसेल तर "पाळी नाही". दुसरं काहीही सांगितलं, दरडावलं, तरी उत्तर तेच.

शिक्केकरी दीड पानाचा आहे. मुद्दाम. ज्याच्या हाती अधिकार तो एका नजरेत वाचून झाला पाहिजे. तुझा जागल्या पन्नास पानांचा, त्यात कुठं काय चुकलेलं असेल ते तुला तरी ठाऊक आहे का? चुकलं तर चुकू दे, आता त्याच्या चुकीनं कुणाचा ऊस पुढं जाणार नाही. आग लागलेल्या उसासाठी पाळी बदलायची तर शेतकी अधिकारी आणि एम.डी. साहेब दोघांनी साहेबांच्या खोलीत बसून आपापला पासवर्ड टाकायचा. मी धरून तिसऱ्या कुणाला ते जमणार नाही.

ही शेवटची गोष्ट करताना हात थांबला होता, ते तुझ्यापासून लपवत नाही. आप्पांच्या उसाला यंदाही पाळी फेब्रुवारीतच आहे. विहीर संपली. तोवर त्या उसाचं सरपण होईल. तेवढी एक वाट माझ्यासाठी ठेवली असती तर कुणाला कळलं नसतं.

खरं सांगू, हे दोघं एकमेकांशी बोलताना पहिल्यांदा बघितलं आणि वाटलं, अण्णा आत्ता इथं हवा होता. तूच लिहिलेलं असल्यासारखं बसलं ते, कारण तुझी मांडणीच इतकी नेटकी होती की कुठून कापायचं ते आपोआप दिसत गेलं.

महानंदा


कारखाना कॉलनी,
५ ऑक्टोबर १९८७

अण्णा,

हे पत्र बसून वाच.

नवरात्रात संगणकाच्या खोलीत घट बसवायची पद्धत तू पाडलीस ना? यंदाही बसवला. पडद्याला झेंडूची माळ, कळफलकावर हळदकुंकू, आणि नऊ दिवस दिव्याबरोबर पडदाही विझवायचा नाही. "अण्णांनी सांगितलंय," असं सगळे मला बजावत होते. गेल्या साली तू हसत हो म्हणालास, आणि जागल्याचा पडदा नऊ दिवस उघडाच राहिला. कुणी बंद केला नाही, कारण देवीपुढचं काही विझवायला कुणाचा हात धजत नाही. यंदा मीही हो म्हटलं. म्हटलं, आता त्या पडद्यापाशी बसून कुणी काय करणार आहे.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी व्यंकट माझ्याकडं आला. चेहरा पडलेला.

"ताई, तुमचं ह्ये यंत्र बिघडलंय. काय केल्या ऐकंना."

"काय ऐकत नाही?"

"नुसतं पाळी न्हाय, पाळी न्हाय. गेल्या साली एका दणक्यात ऐकलं व्हतं की."

मी त्याला बसवलं. म्हटलं, नीट सांग. तर तो अगदी कौतुकानं सांगायला लागला. गेल्या नवरात्रात दिव्यात तेल घालायचं काम त्याच्याकडं होतं. जळीत उसाची पाळी तू कशी बदलतोस ते त्यानं मागं उभं राहून बघितलं होतं. "आप्पांचा ऊस वाळाय लागल्याला. अण्णा सोताच्या बापासाठी कदी तोंड उघडणार न्हाईत. माज्या घरच्या माणसाला त्यांनी रगत दिलंया, म्या येवडंबी करू न्हाय? म्हून दाबलं." यंदा तीच दया त्याला माझी आली. तेल घालायला गेला आणि आप्पांचा नंबर टाकला. जागल्यानं शिक्केकऱ्याला विचारलं, शिक्केकरी नाही म्हणाला.

मी विचारलं, "मग अण्णाला का नाही सांगितलंस?"

"उपकार सांगून करत्यात व्हय, ताई?"

अण्णा, त्याला खरंच माहीत नव्हतं. साहेबांनी चौकशी न करता तुझा राजीनामा घेतला आणि तू मोठ्या पगारावर हैदराबादला गेलास असं ऑफिसात सांगितलं. लोक बडबडले ते त्यानं ऐकलं, पण कारकुनांच्या काळात संचालकांच्या पाहुण्यांचा ऊस असा रोज पुढं सरकायचा. त्याला वाटलं, लोकांचं काय, बोलतातच. आपल्या घरात काय झालं ते त्याला कोण सांगणार होतं?

मी सांगितलं. सगळं. तो खुर्चीवरून खाली फरशीवर बसला. पाणी मागितलं आणि तांब्या तसाच हातात धरून राहिला. मला त्याचा राग यायला हवा होता. थोडा आलाही, कारण तुझं वर्ष गेलं त्याच्या प्रेमापायी. पण त्याच्या लेकीचे दात आठवले.

आता मी काय करू? साहेबांना सांगितलं तर तुझं नाव धुऊन निघेल आणि व्यंकटची नोकरी जाईल. नाही सांगितलं तर आप्पा आणि तू असेच बसाल, एक इकडं सुतळी वळत, एक तिकडं. मला सांग. ह्या वेळी तू सांगशील तसंच करते.

नंदा


तामलवाडी,
३१ ऑक्टोबर १९८७

अण्णा,

तुझं उत्तर आलं. "व्यंकटचं नाव घेऊ नकोस, त्याला लेकरं आहेत. माझं काय, मी इथं बरा आहे." वाचून मी रडले आणि तुझ्यावर चिडलेही. इतका कसा रे तू चांगला, की घरच्यांना तुझ्यापुढं तोंड वर करता येऊ नये?

पण तुझं पत्र येण्याआधीच व्यंकट आपणहून निघाला होता. दिवाळीच्या पाडव्याला बायको-लेकीला घेऊन तो सरळ इथं आला. आप्पा ओसरीवर होते. त्यानं उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. आप्पांनी हातातली सुतळी खाली ठेवली. मग अव्वाला हाक मारून म्हणाले, "ताटं वाढ गं, पोरं दमून आल्यात." जेवण झाल्यावर त्यांनी त्याला एवढंच विचारलं, "आता तसं करता येतं का?" तो म्हणाला, "न्हाय, आप्पा. ताईंनी दुसरा बसिवलाय, त्यो कुणाचंच ऐकत न्हाय."

परवा कारखान्यात बॉयलर पेटवायचा कार्यक्रम झाला. सगळे सभासद आलेले. पूजा झाली, एम.डी. साहेबांचं भाषण झालं, आणि आप्पा उठले. मला काही कल्पना नव्हती. म्हणाले, "गेल्या साली माजा ऊस पाळी मोडून गेला. त्ये माज्या पोरानं केलं न्हाय. म्या त्येला चोर म्हनलो, त्ये खोटं व्हतं. त्येच्या शब्दावर इस्वास ठेवायचं सोडून मला त्येच्याकडनं पुरावा पायजे व्हता." आबाराव उभा राहिला. "मग कुणी केलं, शिवप्पा?" आप्पा म्हणाले, "कुणालाबी करता येत व्हतं. आता येतं का बगा. हितं यंत्र हाय, तुमी हायसा. ज्येला आपला ऊस फुडं घालायचाय त्येनं घालून दावावा."

अण्णा, त्यानंतर जे झालं ते बघायला तू हवा होतास. लोकांनी चिठ्ठी खिडकीपुढं रांग लावली. व्यंकटनं ज्याला त्याला कळ कुठली दाबायची ते शिकवलं. आधी आबाराव. पाळी नाही. पिराजी म्हाताऱ्यानं यंत्राला हात जोडले, मग दाबलं. पाळी नाही. एक संचालक पुढं आले, त्यांना मधेच वाट करून दिली, आणि कागद बाहेर आला तेव्हा सगळं आवार हसलं. ते स्वतःही हसले, जरा उशिरानं. मग द्वारकाबाई, जिची दोन एकरांची बागायत आहे, ती म्हणाली, "त्या पोरीला दाबू द्या. तिनंच केलंय, तिचं तरी ऐकंल."

मी बसले. आप्पांचा नंबर टाकला. माझ्या मागं आप्पा उभे होते, त्यांचा श्वास ऐकू येत होता. मनातल्या मनात मी काय म्हणत होते ते तुला सांगत नाही. कागद आला, पाळी नाही. आप्पांनी तो माझ्या हातून घेतला, चष्मा लावून वाचला आणि घडी करून खिशात घातला.

तेवढ्यात व्यंकट खिडकीतून म्हणाला, "गेल्या साली म्या दाबलं व्हतं." सगळ्यांना ऐकू गेलं. साहेब म्हणाले, ह्याला आजच्या आज काढून टाका. मी काही बोलायच्या आत आबारावच मधे पडला. तोच आबाराव. म्हणाला, "काडून काय करतासा, साहेब? ऱ्हाऊ द्या खिडकीवर. आता त्येच्या हातात हाय काय?" लोक हो हो म्हणाले. साहेबांनी माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, खरं आहे, त्याच्या हातात चिठ्ठी देण्यापलीकडं काही नाही. व्यंकट खिडकीवर राहिला.

तुझा जागल्या दिवसभर लोकांच्या शिव्या खात होता, पण एकदाही अडखळला नाही. मी बाजूला उभी राहून त्याच्याकडं बघत होते आणि तुझा अभिमान वाटत होता.

ऊस वाचला नाही. काल आप्पांनी स्वतः विळा लावला आणि सगळा जनावरांच्या छावणीला दिला. गाड्या भरून जाताना ते बांधावर उभे होते. मला वाटलं होतं, खचतील. घरी आले, हातपाय धुतले आणि मला म्हणाले, "पत्ता दे."

मी म्हटलं, "मी पत्र टाकते ना, तो येईल." तर म्हणाले, "पत्र कशाला? म्या घालवला, म्याच आणतो."

सोमवारी सोलापूरहून गाडीनं निघतायत. हे त्यांच्या आधी पोचावं म्हणून आजच टाकतेय. अव्वानं कडक भाकरी आणि शेंगाची चटणी बांधलीय, त्यातली अर्धी ते वाटेत कुणाला तरी देतील. तुझ्या दारात आल्यावर ते काही बोलणार नाहीत, बॉयलरपाशी जे बोलले तेवढंच त्यांच्यापाशी होतं. उंबऱ्याबाहेर उभे राहून वहाणांची धूळ झटकत बसतील, खूप वेळ, आणि तुझ्याकडं बघणार नाहीत. अण्णा, तू त्यांना वाट बघायला लावू नकोस. तू आधी आत या म्हण.

नंदा